कावा: घोड्याचा आणि माणसाचा

श्रोतेहो, नमस्कार. आजचा शब्द आहे कावा. परवा आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टँकरचा विषय निघाला. सेक्रेटरी म्हणाले, "आपली स्ट्रॅटेजी ठरवू या." मागच्या खुर्चीवरून एक आजी बोलल्या, "आधी त्या टँकरवाल्याचा कावा ओळखा!"

तर कावा हा मुळात घोड्याचा शब्द. घोड्याला गोल गोल फिरवायचं, म्हणजे कावा द्यायचा. त्यावरून सरळ अंगावर न जाता वळसा घालून डाव साधणं, तोही कावा. गनीम हा अरबी शब्द फारसीतून आपल्याकडे आला, अर्थ शत्रू. मुघलांच्या लिखाणात गनीम म्हणजे आपणच, मराठे! पुन्हा सांगते: गनीम म्हणजे शत्रू, कावा म्हणजे वळसा. गंमत बघा, कुणाला कावेबाज म्हटलं तर तो भांडायला उठतो, आणि गनिमी कावा म्हटलं की त्याचीच छाती फुगते.

घोड्यावरून आठवलं. घोडबंदरला पूर्वी अरबी घोडे उतरायचे म्हणतात. सकाळी नऊला त्या रस्त्यावर बसमध्ये उभं राहून बघा, घोडेच बरे होते असं वाटेल. असो.

आता मला जी गोष्ट सांगायचीच आहे, ती. ठाण्याचं कारागृह म्हणजे आपला जुना किल्ला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. आळ आला दुसऱ्या बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर. इंग्रजांनी त्यांना मागून घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं. पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा. देशी शिपाई फितूर होईल ही भीती ना! पण त्यामुळे झालं काय, पहाऱ्यावरच्या एकालाही मराठीचं अक्षर कळेना.

तेवढ्यात किल्ल्यातल्या एका साहेबाकडे नवा मोतद्दार नोकरीला लागला. हा रोज त्रिंबकजींच्या खिडकीखाली घोडा आणायचा, खरारा करायचा आणि गाणं म्हणायचा. हात घोड्याच्या पाठीवर, तोंड वर, आवाज मोकळा. गोरा शिपाई शेजारीच बंदूक टेकवून उभा. मोतद्दार गातोय, गाऊ दे! आणि गाण्यात काय? आपली माणसं कुठल्या झुडपात दबा धरून आहेत, घोडा कुठल्या झाडाखाली उभा आहे. सगळा बेत त्या गाण्यात, भर उजेडात, पहारेकऱ्याच्या कानाशी. ऐकलंत ना? चिठ्ठी नाही, कुजबुज नाही. गाणं! १२ सप्टेंबर १८१६ ला त्रिंबकजी पसार झाले. ठाण्यात राहून मराठी न शिकण्याची किंमत तेव्हाही मोजावी लागायची, एवढंच म्हणते.

ही गोष्ट पुढे बिशप हेबर या इंग्रज पाद्र्यानं आपल्या प्रवासाच्या रोजनिशीत लिहून ठेवली. तोवर, १८१८ मध्ये, त्रिंबकजी पुन्हा सापडले होते. या खेपेला इंग्रजांनी त्यांना कोंडलं ते पार लांब, काशीजवळ चुनारच्या किल्ल्यात. तिथे मराठी गाणारा मोतद्दार कुठून यायचा?

वेळ संपत आली. पुढच्या खेपेला शब्द घेऊ 'पेच'. पतंगवाल्यांनी आणि आखाड्यात जाणाऱ्यांनी जरूर ऐका. नमस्कार.