नोशन की ऑब्सिडियन? थांबा, आधी एक्स्पोर्ट करून बघा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत सहज बोलून गेले, "मी नोट्सचं ॲप पुन्हा बदललं", आणि तेव्हापासून कमेंटमध्ये एकच धोशा: ताई, नोशन की ऑब्सिडियन? एकाने तर चार वेळा विचारलंय. दादा, वाचलं, चारही वेळा वाचलं.

सोप्या गोष्टी पटापट उरकते. नोशनमध्ये तुमचा मजकूर त्यांच्या सर्व्हरवर असतो. ऑब्सिडियनमध्ये तो तुमच्याच मशीनवरच्या एका फोल्डरमध्ये, मार्कडाउनच्या साध्या फाइलींमध्ये असतो (मार्कडाउन म्हणजे साधाच मजकूर, मथळे-याद्यांसाठी थोड्या खुणा घातलेला). एकट्याचं काम असेल तर ऑब्सिडियन किंवा लॉगसेक. एकाच पानावर चौघांनी एकदम लिहायचं असेल तर नोशन, नाहीतर कॉन्फ्लुएन्ससारखी विकी, म्हणजे टीमने मिळून लिहायची पानं. टॅग, सर्च, डार्क मोड सगळीकडे आहे, त्यावरून भांडू नका. झालं.

आता मुद्द्याचं. ॲप घेताना सगळे आत काय काय आहे ते बघतात. बाहेर कसं पडायचं, हे कोणी बघतच नाही. "एक्स्पोर्टचं बटण आहे की!" अहो, बटण असेल. ते दाबल्यावर हातात काय पडतं?

माझंच सांगते. नाव घेत नाही, पण एका ॲपमध्ये माझ्या तीन वर्षांच्या नोट्स होत्या. एक्स्पोर्ट केलं, झिप फाइल आली, मी खूश. नव्या ॲपमध्ये टाकून बघते तर सगळ्या नोट्सची तारीख एकच, त्या दिवशीची! फोटो सगळे एका फोल्डरमध्ये, नावं काय तर इमेज 1, इमेज 2, इमेज 3. कुठला फोटो कुठल्या नोटमधला? बसा शोधत. दोन रविवार गेले त्यात, आणि शेवटी निम्मे फोटो मी तसेच सोडून दिले.

म्हणून म्हणते, ॲप आवडलं की पहिल्याच दिवशी दहा नोट्स लिहा. एकीत फोटो, एकीत तक्ता, दोन नोट्स एकमेकींना लिंक केलेल्या. लगेच एक्स्पोर्ट करा आणि *दुसऱ्या* ॲपमध्ये उघडा. त्याच ॲपमध्ये परत उघडलंत तर ती परीक्षाच नव्हे.

(स्क्रीनवर फोल्डर दाखवते) हे बघा, नोशनमधून काढलेलं. मजकूर मार्कडाउनमध्ये आला, छान. पण फाइलीच्या नावामागे अक्षरं-आकड्यांची ही एवढी लांब शेपटी. डेटाबेसची, म्हणजे नोशनमधल्या तक्त्यांची, झाली सीएसव्ही, नुसत्या ओळी-रकान्यांची साधी फाइल. ओळी, रकाने आले. तुम्ही हौसेने लावलेले बोर्ड आणि कॅलेंडर राहिले तिकडेच. एव्हरनोट या दुसऱ्या नोट्सच्या ॲपचं बघा. ईनेक्स नावाची त्यांची एक्स्पोर्ट फाइल मिळते, मजकूर येतो, पण एका नोटमधून दुसरीकडे जाणारी लिंक अजून एव्हरनोटचंच दार ठोठावते. 2023 च्या अखेरीस त्यांनी फुकट वापरणाऱ्यांना 50 नोट्सची मर्यादा घातली, तेव्हा कितीतरी लोकांनी एक्स्पोर्टचं बटण आयुष्यात पहिल्यांदा शोधलं.

आता ऑब्सिडियनवाले खाली टाळ्या वाजवत असतील. जरा थांबा. तुमच्या त्या दुहेरी चौकोनी कंसातल्या लिंक मूळ मार्कडाउनचा भाग नाहीत. साध्या एडिटरमध्ये त्या नुसते कंस म्हणून दिसतात. यांनाच विकीलिंक म्हणतात, आणि सेटिंगमध्ये जाऊन त्या बंद करता येतात. ते पहिल्याच दिवशी करा. आणि प्लगइन, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयी? तीस प्लगइन लावून बनवलेला डॅशबोर्ड दुसरीकडे उघडला की खाली उरतो तो कोडचा तुकडा.

टीमच्या बाबतीत हेच दुखणं जास्त ठणकतं. तिथे बाहेर पडतो तो माणूस. मी एका टीममध्ये होते, तिथे सर्व्हर पुन्हा चालू करायची पद्धत एका सहकाऱ्याच्या खासगी पानावर होती. तो गेला, खातं बंद झालं, पानही दिसेनासं झालं. अडीच दिवस आम्ही जुन्या चॅटमधून तुकडे वेचत होतो. तेव्हा टीमसाठी निवडताना रंगरूप नंतर बघा. आधी विचारा: पान माणसाच्या नावावर की टीमच्या? माणूस गेल्यावर पानाचं काय होतं? संपूर्ण एक्स्पोर्ट कोणाला काढता येतो, फक्त ॲडमिनला? मग तो ॲडमिनच सुट्टीवर असेल तर?

हां, एक कमेंट राहिली. दर व्हिडिओखाली कोणीतरी लिहितंच: "निकलास लूमानने कागदाच्या चिठ्ठ्यांवर सगळं केलं, ॲप कशाला?" बरोबर आहे. त्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे 90 हजार चिठ्ठ्या लिहिल्या. पण त्यानेही 1960 च्या दशकात जुना संग्रह बाजूला ठेवून नवा सुरू केला होता, आणि पुढे जवळपास पस्तीस वर्षं तोच चालवला. तुम्ही दर तीन महिन्यांनी ॲप बदलता आणि उदाहरण त्याचं देता!

तर चार वेळा विचारणाऱ्या दादा, तुम्ही एकटे आहात आणि दोन मशीनवर लिहिता, असं तुमच्याच कमेंटमध्ये आहे. ऑब्सिडियन घ्या. विकीलिंक बंद, प्लगइन जास्तीत जास्त तीन. आणि त्या दहा नोट्स दुसऱ्या ॲपमध्ये उघडून काय दिसलं, ते पाचव्या कमेंटमध्ये लिहा.