बाहेरचं ऊन किती, गाडीचं किती

(जळगाव येथे जुन्या गाड्यांचे मालक आणि मेकॅनिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मे महिना लागला की आपल्या मोबाइलवर एक फोटो हमखास फिरतो. गाडीचा डॅशबोर्ड, त्यावर ५१ नाहीतर ५२ चा आकडा, आणि खाली ‘भुसावळ, दुपारी तीन’. काय ऊन शे भो! म्हणत आपण तो पुढे ढकलतो. आपलं ऊन कडक आहे, याबद्दल माझा वाद नाही. एका अंगाला सातपुडा, दुसऱ्या अंगाला अजिंठ्याचे डोंगर, मधली तापीची पट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर, आणि मेमध्ये काळी शेतं उघडी पडलेली. पंचेचाळीस आपल्याला नवं नाही. मैदानी भागात पारा ४५ ला टेकला की हवामान खातं सरळ उष्णतेची लाट म्हणतं आणि ४७ ला तीव्र लाट. फोटोतला तो ५२ मात्र बहुतेक वेळा गाडीच्या अंगचा ताप असतो.

जुन्या गाडीला बाहेरचं तापमान दाखवणारा मीटर बसवायचा, हा आजचा विषय. मारुती ८००, ॲम्बेसेडर, पद्मिनी, जुन्या जीपा, यांत ही सोय कंपनीने दिलेलीच नव्हती. पहिल्या दोन गाड्या २०१४ मध्ये बनायच्या थांबल्या, तरी आपल्याकडे त्या अजून रोज चालतात. मीटर स्वस्त मिळतो, तारा दोन-तीनच असतात, बसवायला दुपारही लागत नाही. माझं म्हणणं एकच आहे: या कामात वायरिंग चार आण्यांचं आणि सेन्सरची जागा बारा आण्यांची. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. डॅशबोर्डवर आकडा छान चमकतो आणि सेन्सर मात्र जिथे हात पोचला तिथे टायने बांधलेला असतो.

आधी सेन्सर म्हणजे काय ते पाहू. काळ्या किंवा स्टीलच्या टोपणातला मण्याएवढा तुकडा, त्याला थर्मिस्टर म्हणतात. तापला की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरतो. बाजारात सर्रास मिळणारा ‘दहा के’वाला घेतला तर २५ अंशांना मल्टिमीटरवर १० किलोओहम दिसतात, ४० अंशांना साधारण ५.३ आणि ५० ला ३.६ च्या आसपास. बर्फाच्या पाण्यात तोच ३२-३३ वर जातो. हे आकडे तोंडपाठ ठेवा, कारण निम्मे बिघाड त्यांच्यावरूनच ओळखू येतात. जोडाला गंज लागला की वाटेत रेझिस्टन्स वाढतो आणि मीटर हवा थंड दाखवतो. जोडात पाणी शिरून दोन तारांमध्ये गळती सुरू झाली की रेझिस्टन्स घटतो आणि मीटर हवा गरम दाखवतो. तार तुटली तर मीटर एकदम उणे चाळीस नाहीतर नुसत्या रेघा. म्हणजे मीटर खोटं बोलायला लागला, तरी खोटं कुठल्या बाजूचं आहे यावरून बिघाड सापडतो. तीन तारांचा डिजिटल सेन्सरही मिळतो, डीएस १८ बी २० नावाचा. उणे १० ते ८५ अंशांच्या पट्ट्यात त्याची चूक अर्ध्या अंशाच्या आत असते. आपल्या कामाला दोन्ही चालतात.

तार लांब झाली तर आकडा चुकेल का, असं नेहमी विचारतात. पाच मीटर तार, जाऊन-येऊन दहा मीटर, तिचा रेझिस्टन्स अर्धा ओहमसुद्धा भरत नाही. साडेतीन हजार ओहमपुढे त्याची काय कथा! तार खुशाल लांब घ्या, पण मधला जोड नुसता पीळ देऊन काळ्या टेपने गुंडाळू नका. आपल्या उन्हात टेपचा डिंक वितळतो आणि पावसाळ्यापर्यंत जोड उघडा पडतो. सोल्डर करा, वर स्लीव्ह चढवून ती गरम करून आवळा.

आता जागा. वेधशाळेत तापमान कसं मोजतात? पांढऱ्या रंगाची, झरोक्यांची लाकडी पेटी असते, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंच. आत सावली आणि आरपार वारा. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने ती बेतली, म्हणून स्टीव्हन्सन पेटी. दीपस्तंभ बांधणारा माणूस होता तो. म्हणजे पेपरात येतो तो ४४ सावलीतल्या, वाहत्या हवेचा असतो. गाडीवर आपल्याला शक्य तितकं हेच साधायचं: सावली, वारा, आणि गरम लोखंडापासून लांब.

बॉनेटच्या आत ही जागा कुठेच नाही. रेडिएटरच्या मागे तर नाहीच नाही, तिथली हवा रेडिएटरमधून भाजून आलेली असते. माझ्याकडे एक पद्मिनी आली होती, मीटर ६१ दाखवायचा. मालक म्हणाले, सेन्सर खराब आहे, बदलून द्या. बॉनेट उघडलं तर सेन्सर फॅनच्या कवचाला बांधलेला. सेन्सर खरंच बोलत होता हो, तिथे ६१ च होतं. आरशाखाली लावला तर ऊन थेट लागतं. मागच्या बंपरला लावावा तर सायलेन्सर. उरतो पुढचा बंपर. त्याच्या आतल्या बाजूला, रेडिएटरच्या पुढे आणि शक्यतो खाली, एका कडेला, जिथे ऊन पोचत नाही पण चालत्या गाडीचा वारा लागतो. एसी असेल तर कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, सगळ्यांत पुढे असतो, म्हणून त्याच्याही पुढेच राहायचं. सेन्सर लोखंडी पट्टीला चिकटवू नका, ती पट्टी इंजिनची ऊब त्याच्यापर्यंत आणते. मधे रबराचा तुकडा घाला, आणि टोक दोन बोटं हवेत मोकळं ठेवा. फार खालीही नेऊ नका. दुपारचा डांबरी रस्ता साठीच्या वर तापलेला असतो, त्याची झळ लागते, आणि गतिरोधकावर घासून सेन्सर जातो तो वेगळाच.

एवढं करूनही उभ्या गाडीत आकडा चढणारच. सिग्नलला दोन मिनिटं थांबलात की इंजिनची गरम हवा पुढे सरकते आणि ४३ चे ४८ होतात. नवीन गाड्यांचा कॉम्प्युटर हे जाणतो. गाडी उभी किंवा हळू असेल तर तो आकडा चढू देत नाही, वेग आला की मगच बदलतो. आपल्या बाजारच्या मीटरला ही अक्कल नाही, ती आपण वापरायची. मोकळ्या रस्त्यावर पाच-सात मिनिटं चांगल्या वेगाने गाडी चालल्यावर जो आकडा स्थिरावतो, तो धरा. आणि दोन आकड्यांत शंका आली तर कमी असेल तो खरा माना. गाडी सेन्सरला ऊबच देते, गारवा देत नाही.

अपवाद एकच, ओला सेन्सर. घरचा कूलर ज्या युक्तीने चालतो तीच इथे लागू होते. ४४ अंशांत हवा कोरडी असेल तर ओली वस्तू पंचविशीपर्यंत उतरू शकते. गाडी धुऊन लगेच निघालात आणि मीटरने ३२ दाखवले तर जळगावात गारवा आला असं समजू नका, सेन्सर वाळू द्या.

वायरिंग थोडक्यात सांगतो. वीज इग्निशन चालू झाल्यावरच येणाऱ्या लाइनवरून घ्या. थेट बॅटरीवरून घेतली आणि मीटर २० मिलीअँपिअर ओढत असला, तर दिवसाला अर्धा अँपिअर-तास जातो. ३५ ची जुनी बॅटरी, गाडी महिनाभर पोर्चमध्ये उभी, मग सेल्फ फिरणार कसा? लाइनमध्ये एक अँपिअरचा फ्यूज घाला. इंजिनच्या बाजूने केबिनमध्ये तार आणताना पत्र्याला नवं भोक पाडू नका. क्लच किंवा स्पीडोमीटरच्या केबलचं रबर असतं, त्यातूनच न्या. तसंच सोडलेलं पत्र्याचं भोक तार कापतं. आणि कॉइल, प्लगच्या तारा यांच्यापासून लांब राहा. ॲक्सिलरेटर दाबला की आकडा नाचतो, अशी तक्रार असेल तर कारण तेच. दोन्ही तारांना एकमेकींचा पीळ दिला की बराचसा नाच थांबतो.

बसवण्याआधी तपासणी करा. कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी पेल्यात घ्या, सेन्सर पिशवीत गुंडाळून बुडवा, आकडा शून्याजवळ यायला हवा. रसवंतीवाला बर्फ देतो, नाही म्हणत नाही. पण आपल्याला शून्याचं काय काम? म्हणून दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आणि सेन्सर एकाच कोमट पाण्यात ठेवा, चाळीसच्या आसपास दोघांचं जमतंय का पाहा. पाणी ४२ च्या वर नको, थर्मामीटरची मजल तिथपर्यंतच असते.

आणि गाडीवरची पक्की परीक्षा घ्यायची तर शहाद्याहून तोरणमाळला जा. पायथ्यापासून जवळपास हजार मीटर चढ आहे आणि हवा उंचीच्या किलोमीटरमागे साडेसहा ते दहा अंशांनी उतरते. सेन्सर नीट बसला असेल तर वळणागणिक आकडा खाली येतो. वर चढताना आकडा वाढायला लागला, तर सेन्सर इंजिनची ऊब खातोय, जागा बदला. चढात इंजिनवर ताण आणि वेग कमी, त्यामुळे चुकीची जागा तिथे लपत नाही.

आता कुणी म्हणेल, ऊन आहे हे सांगायला मीटर कशाला? थंड देशांत रस्त्यावर बर्फ धरतो का हे कळायला त्याचा उपयोग होतो, म्हणून तिकडच्या गाड्या तीन-चार अंशांना घंटी वाजवतात. आपला उपयोग वेगळा. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनला चिकटलेला असतो. पेट्रोलमधला हलका भाग चाळिशीच्या आत-बाहेरच उकळायला लागतो, पंपात वाफ धरते आणि गाडी बंद पडते. ॲम्बेसेडरवाले पंपावर ओलं फडकं ठेवायचे ते यासाठी. मीटर ४३ दाखवत असेल आणि कन्नडचा घाट चढून आला असाल, तर चहाला थांबल्या थांबल्या इंजिन बंद करू नका. दोन मिनिटं चालू ठेवा, पंखा फिरू द्या. बंद केल्यावर पंप आणखी तापतो. एसीचंही तसंच. जाळीतून येणारी हवा १८ अंश आहे, हे चांगलं की वाईट? बाहेर ४४ असेल तर उत्तम, ३० असेल तर गॅस तपासा. बाहेरचा आकडा हाती असल्याशिवाय हा निवाडा होत नाही.

शेवटी दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरं देतो. रावेरकडच्या एका भाऊंनी विचारलंय की केळीच्या पीक विम्यासाठी गाडीच्या मीटरचा फोटो चालेल का. नाही चालणार. तिथे महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद धरतात. तुमच्या बागेत पाणी चालू असताना शेजारून गाडी नेली तर आकडा एक-दोन अंशांनी उतरतो, तो तुम्ही स्वतः बघा, पण विमा कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नाही.

दुसरा प्रश्न, गाडीला इंजिनच्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा आहेच, त्याच्याच तारेवरून हा मीटर चालवता येईल का. अजिबात नको. तो सेन्सर पाण्यात बुडालेला असतो, नव्वदीच्या आसपास काम करणारा, त्याचे आकडे वेगळे. एका तारेवर दोन मीटर जोडले की दोघंही चुकतात. बाहेरचा मीटर महिनाभर चुकला तरी गाडीचं काही बिघडत नाही. पाण्याचा काटा घाटात एकदा चुकला तर इंजिन तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, जातं, आणि त्याचं बिल या मीटरच्या किमतीत बसणारं नाही.