ट्रॅफिक येतंय कुठून, ते आधी बघा

(छोटे आयएसपी, म्हणजे इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपन्या, चालवणाऱ्यांसमोर पुण्यात दिलेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून)

माईक चालू आहे ना? मागे ऐकू येतंय? बरं. आयोजकांनी विषय लिहिलाय "ट्रॅफिक ॲनालिसिस आणि राउटिंगसाठी टूल कसं निवडावं", आणि वेळ दिलाय वीस मिनिटं, त्यातली पाच सत्कारातच गेली. शालीबद्दल आभार, पण मे महिना आहे हो.

मला बरीच वर्षं एकच गोष्ट सगळ्यांना गाठून सांगायची आहे, आज तुम्ही तावडीत सापडलात. कोणी दुसरा अपस्ट्रीम, म्हणजे आपल्याला इंटरनेट पुरवणारी मोठी कंपनी, घेतला की मला फोन येतो, "सर, लोड बॅलन्सिंगला कुठलं टूल घेऊ?" मी विचारतो, तुमचं ट्रॅफिक कुठल्या एएसकडून, म्हणजे कुठल्या नंबरच्या नेटवर्ककडून, येतं आणि कुठल्या लिंकवरून आत शिरतं? की तिकडे शांतता. मग म्हणतात, ग्राफ आहे ना. ग्राफ म्हणजे तो एसएनएमपीचा, राउटरचे काउंटर वाचून काढलेला हिरवा डोंगर. तो सांगतो किती आलं, कोणाकडून आलं ते त्याच्या गावीही नसतं. आणि तोही कित्येकांचा खोटाच असतो बरं का, ३२ बिटचा काउंटर लावलेला असतो, पूर्ण भरलेल्या एक गिगच्या लिंकवर तो ३४ सेकंदांत भरून परत शून्यावर येतो आणि आपण तो वाचतो दर ५ मिनिटांनी! ६४ बिटचा लावा, आज रात्रीच लावा.

आता नागपूरचा किस्सा, ज्यांनी आधी ऐकलाय त्यांनी मोबाईल बघा.

आमच्याकडे दोन अपस्ट्रीम. नावं घेत नाही, त्यातल्या एकाची मंडळी तिसऱ्या रांगेत बसलीत आणि जेवण त्यांनीच दिलंय. कस्टमर एक कोचिंग क्लास, पोरं पुण्यात, टेस्टचा सर्व्हर नागपुरात. पेपर सुरू झाला की आमचा फोन सुरू. पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायचा वेळ, बघितला तर नव्वद मिलिसेकंद! अरे पुणे-नागपूरला एवढे लागतात कशाला? ट्रेसराउट मारला, म्हणजे वाटेतले राउटर (हॉप) एकेक करून बघितले, तर पुणे, मुंबई, नागपूर, सगळे हॉप देशातलेच, फक्त समोरच्याच्या नेटवर्कमध्ये पाय ठेवला की पाचाचे एकदम नव्वद. अपस्ट्रीमच्या एनओसीला, म्हणजे नेटवर्क सांभाळणाऱ्या त्यांच्या कंट्रोल रूमला, पाठवला. उत्तर आलं, "पाथ क्लीन आहे, सगळे हॉप इंडियातले," तिकीट क्लोज. परत उघडलं. "कस्टमर एंडला चेक करा," क्लोज. तिसऱ्यांदा उघडलं तर म्हणे राउटर रीस्टार्ट करून बघा. हे वाक्य बोलायला प्रत्येक एनओसीत बहुतेक वेगळा माणूस ठेवलेला असतो, शिफ्टमध्ये.

आता गंमत बघा. ट्रेसराउट जाण्याचा रस्ता दाखवतो, पॅकेट परत कुठून आलं ते दाखवतच नाही, वेळ मात्र दोन्हीकडची मिळून मोजतो. म्हणून मग फ्लो कलेक्टर, म्हणजे कोणाकडून कोणाकडे किती गेलं याच्या राउटरने पाठवलेल्या नोंदी, उघडला, सोर्स एएसला त्या नागपूरवाल्याचा नंबर टाकला आणि इनपुट इंटरफेस बघितला. सगळंच्या सगळं दुसऱ्या अपस्ट्रीमच्या लिंकवरून आत येत होतं! आणि हा दुसरा आणि नागपूरवाल्याचा प्रोव्हायडर एकमेकांना भेटत होते थेट सिंगापूरला. मुंबईत दोघंही आहेत, कदाचित एकाच बिल्डिंगमध्ये असतील, पण तिथे बोलणं नाही. म्हणजे पोराने पुण्यात बटण दाबलं की उत्तर समुद्र ओलांडून येणार.

या दुसऱ्या अपस्ट्रीमला मेल केला की बाबा, आमचा प्रीफिक्स, म्हणजे आमच्या आयपी पत्त्यांचा गट, त्या प्रोव्हायडरला सांगू नका, त्यासाठी रूटवर लावायची तुमची खूण, बीजीपी कम्युनिटी, कुठली ते कळवा. (बीजीपी म्हणजे नेटवर्क एकमेकांना रस्ते सांगतात ती पद्धत.) एनओसी गप्प, फोन आला सेल्सचा: "सर, बँडविड्थ वाढवून देऊ का?" आता बोला. मग त्या बाजूला रस्ता लांब दिसावा म्हणून आपलाच एएस नंबर तीनदा जास्तीचा जोडून, प्रीपेंड करून बघितला, ढिम्म हललं नाही, कारण समोरच्याने लोकल प्रेफरन्स, म्हणजे स्वतःच्या पसंतीचा रस्ता, लावलेला असेल तर तो तुमच्या पाथची लांबी बघतच नाही. लग्नपत्रिकेवर आपण नकाशा छापू शकतो, पाहुणे कुठल्या रस्त्याने येतील ते पाहुणेच ठरवणार. शेवटी आमचा पत्त्यांचा मोठा गट, /२२, दोन्हीकडे ठेवला आणि त्यातल्या ज्या छोट्या तुकड्यात, /२४ मध्ये, क्लासवाला होता तो फक्त पहिल्या अपस्ट्रीमकडे अनाउन्स केला. जास्त स्पेसिफिक रूट जिंकतो, तिथे लोकल प्रेफरन्सचं काही चालत नाही. नव्वदचे पंचवीसच्या आत आले. टूलचा खर्च शून्य, डोक्याचा...

काय? पाच मिनिटं? अहो, टूल सगळी राहिलीत. बरं, पळतो.

आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे मायक्रोटिक आहे, त्यात ट्रॅफिक फ्लो चालू करा, पैसे लागत नाहीत. मोठा राउटर असेल तर सॅम्पलिंग ठेवा, हजारात एक पॅकेट, कोणाकडून किती येतं एवढं कळायला भरपूर झालं. कमांड लाईनवर हात बसलेला असेल तर एनएफडंप. फ्लोला बीजीपीची माहिती जोडायची असेल तर पीएमॲक्ट. ऑफिसातल्या पोरांना क्लिक करून बघायचं असेल तर ॲक्वोराडो, फ्रान्सच्या फ्री या आयएसपीतल्या लोकांनी स्वतःच्या गरजेतून बनवलाय, म्हणून आपल्या कामाचा आहे. वायरशार्क उत्तमच, पण ते एका कस्टमरचं पॅकेट उघडून बघायला, दहा गिगच्या लिंकवर लावून बसू नका.

राउटिंगच्या सॉफ्टवेअरला बर्ड किंवा एफआरआर, जे तुमच्या माणसाला येतं ते. आपोआप रूट हलवणारे ऑप्टिमायझर विकायला लोक येतील, त्यांना २४ जून २०१९ विचारा. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या आयएसपीच्या ऑप्टिमायझरने आतल्या वापरासाठी बारीक तुकडे केलेले रूट त्याच्या एका कस्टमरमार्फत व्हेरायझनकडे गेले, व्हेरायझनने फिल्टर न लावता पुढे ढकलले आणि क्लाउडफ्लेअरसकट कितीतरी जणांचं ट्रॅफिक त्या छोट्याशा पाईपमध्ये घुसलं. घ्यायचाच असेल तर बाहेर जाणाऱ्या रूटवर फिल्टर आधी लावा.

९५ पर्सेंटाइलवर बिल असेल, म्हणजे महिनाभराच्या मोजण्यांतल्या सगळ्यात वरच्या पाच टक्के सोडून, तर ३० दिवसांच्या महिन्यातले सगळ्यात भरलेले ३६ तास मोजलेच जात नाहीत, त्यामुळे आयपीएल फायनलच्या एका रात्रीसाठी लिंका हलवत बसू नका.

हो हो, संपवतो. एकच राहिलं, नागपूरसारखा /२४ तोडणार असाल तर आधी तुमचा आरओए, म्हणजे कुठला पत्त्यांचा गट कुठल्या एएसने अनाउन्स करायचा याचा दाखला, उघडून बघा. त्यात कमाल लांबी २२ असेल तर तो /२४ इनव्हॅलिड ठरतो, आरपीकेआय, म्हणजे असे दाखले तपासायची व्यवस्था, वापरणारे तो टाकून देतात, आणि रूट हलत का नाही म्हणून तुम्ही परत त्याच एनओसीला फोन लावून बसता. आयपीव्ही६ वाल्यांनी जेवताना भेटा.