टुम्नसच्या गुहेत कोणता चहा?

[दृश्य: काळ्या, पिळदार पानांवर गरम पाणी पडतं.]

लहानपणी वाचलेलं अद्भुत जगाचं एखादं पुस्तक मोठेपणी पुन्हा उघडायचं आणि सोबत त्याला शोभेल असा चहा करायचा. खेळ छान आहे. पण त्यात निवड बहुतेक वेळा आधीच ठरलेली असते: व्हॅनिला, कॅरॅमल, स्ट्रॉबेरी. बालपण गोड, म्हणून चहाही गोड.

पुस्तकं नीट वाचली तर ही जोडी जमत नाही. त्या गोष्टी इतकी वर्षं मनात राहिल्या त्या काही नुसत्या गोडव्यामुळे नाही. त्यांत अंधार आहे, फसवणूक आहे, घरी परत जाता येईल की नाही ही धास्ती आहे. चहा निवडायचा तर तिकडे बघून.

[दृश्य: बर्फात पेटलेला दिव्याचा खांब. रेखाचित्र.]

१९५० साली आलेलं सी. एस. लुईस यांचं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' घ्या. कपाटातल्या कोटांमधून वाट काढत लूसी नावाची मुलगी बर्फात पोचते. दिव्याच्या खांबापाशी तिला टुम्नस भेटतो. कमरेच्या वर माणूस, खाली बोकडाचे पाय, हातात छत्री. तो तिला आपल्या गुहेत चहाला बोलावतो. तिथे विस्तव पेटलेला आहे, उकडलेलं अंडं आहे, टोस्टवर सार्डिन मासे आहेत. मग लोणी लावलेला टोस्ट, मग मध लावलेला, मग वर साखर असलेला केक. खाणं झाल्यावर टुम्नस बासरी वाजवतो, लूसीचे डोळे जड होतात. आणि मग तो हुंदके द्यायला लागतो. माणसाचं मूल दिसलं तर धरून चेटकिणीच्या हवाली करायचं, हे काम त्यानं पत्करलेलं असतं. लूसीला त्यानं चहाला बोलावलं ते त्यासाठीच.

याच पुस्तकात दुसरंही एक गरम पेय आहे. लूसीचा भाऊ एडमंड चेटकिणीला भेटतो तेव्हा ती तांब्याच्या बाटलीतून बर्फावर एक थेंब टाकते आणि तिथे रत्नजडित पेला उभा राहतो. आत गोड, फेसाळ, सायीसारखं काहीतरी. पायाच्या बोटांपर्यंत ऊब पोचवणारं. त्यामागून येते टर्किश डिलाइट ही मिठाई, आणि त्यामागून एडमंडची फितुरी.

तेव्हा व्हॅनिला घातलेला मलईदार चहा घेऊन हे पुस्तक वाचायला बसलात, तर तुम्ही चेटकिणीच्या घसरगाडीत बसलात असं समजा.

[दृश्य: चहाचा डबा उघडतो. पानं जवळून.]

टुम्नसच्या गुहेसाठी माझी निवड लॅपसांग सूचाँग. चीनच्या फुजियान प्रांतात वुई पर्वत आहे, तिथला हा काळा चहा. पारंपरिक पद्धतीत त्याची पानं पाइनच्या लाकडाच्या धगीवर आणि धुरात सुकवतात. डबा उघडला की आधी चहा आठवतच नाही. नुकत्याच विझवलेल्या शेकोटीसारखा वास येतो. पहिल्या घोटाला बरेच जण कप लांब धरतात. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला धुरामागचा हलका गोडवा लागतो. ऊब आणि संशय एकाच कपात. टुम्नसबद्दल आपल्याला नेमकं असंच वाटत नाही का?

उकळतं पाणी, तीन मिनिटं, दूध नको. धूर अगदीच सोसत नसेल तर निम्मा साधा काळा चहा मिसळा. विकत घेताना धुरी दिलेला आहे ना, हे विचारून घ्या, कारण याच नावाचा धुरी न दिलेला चहाही मिळतो. आणि हा डबा घरातल्या इतर चहांपासून लांब ठेवा. नाहीतर आठवडाभरात सगळेच चहा टुम्नसच्या गुहेतले होतात.

गुहेतल्या त्या फराळाला आणखी एक बाजू आहे. ब्रिटनमध्ये जुलै १९४० मध्ये चहाचं रेशनिंग सुरू झालं. सुरुवातीला माणशी आठवड्याला २ औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. ते उठलं १९५२ मध्ये. साखरेचं तर १९५३ मध्ये. म्हणजे पुस्तक बाजारात आलं तेव्हा ते पहिल्यांदा वाचणाऱ्या ब्रिटिश मुलांच्या घरी चहा आणि साखर मोजूनच मिळत होती. बोलणारा सिंह सोडा, त्यांच्यासाठी तो साखरेचा केकच अद्भुत असणार.

[दृश्य: लांब टेबल, खूप कप, सगळे अर्धवट.]

आता सगळ्यांच्या तोंडी असलेली चहापार्टी. ४ जुलै १८६२ रोजी नावेतून जाताना लुईस कॅरॉल यांनी तीन बहिणींना सांगितलेली गोष्ट १८६५ साली 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' होऊन छापून आली. त्यातल्या वेड्या टोपीवाल्याचं काळाशी भांडण झालंय. घड्याळ कायमचं सहावर अडकलंय, म्हणजे कायम चहाचीच वेळ. कप विसळायला सवड नाही, म्हणून मंडळी एकेक खुर्ची पुढे सरकत राहतात.

इथे मला असा चहा हवा की जो वेळ विसरणाऱ्याला शिक्षा करतो. चिनी हिरवा चहा. गोष्टीच्या काळालाही तो धरून आहे. त्या वेळी ब्रिटनमध्ये येणारा बहुतेक चहा चीनचाच होता. पाणी ७० ते ८० अंशांपर्यंत निवू द्या. पहिल्या मिनिटाला एक कप ओता, तिसऱ्याला दुसरा, आणि पानं किटलीतच ठेवून सहाव्याला तिसरा. तुरटपणा आणणारी कॅटेचिन पानांतून वेळेबरोबर अधिकाधिक उतरत जातात. पहिला कप कोवळा, तिसरा जीभ आखडून टाकणारा. मित्रमंडळी जमली असतील तर कप जागेवर ठेवून माणसांनी सरकावं. शेवटी कोणाच्या वाट्याला काय येतं, यावरून भांडण झालं तर ते पुस्तकाला धरूनच होईल.

बीट्रिक्स पॉटर यांच्या १९०२ च्या पीटर रॅबिट या सशाच्या गोष्टीसाठी फार विचार करावा लागत नाही. निवड त्याच्या आईनेच केली आहे: कॅमोमाइल. त्यात चहाचं पान नसतं, नुसती फुलं. बहिणींना दूध, पाव आणि ब्लॅकबेरी. मळ्यात चोरून शिरलेल्या पीटरला चमचाभर काढा. झाकण ठेवून पाच मिनिटं मुरू द्या. मध घालू नका, पीटरला कुठे मिळाला होता?

[दृश्य: गोल हिरवं दार. त्यावर थाप.]

राहिला 'द हॉबिट', १९३७. इथे मात्र दूध घातलेला कडक आसाम, घरोघरी होतो तसा, अगदी रोजचा. टॉल्किन यांचा हॉबिट बिल्बो गॅन्डाल्फ या जादूगाराला टाळण्यासाठी घाईघाईत उद्या चहाला या म्हणून बसतो, आणि दुसऱ्या दिवशी दारात तेरा बुटके येऊन उभे राहतात. पुढच्या खडतर प्रवासात त्याला आठवण येते ती चुलीपाशी गुणगुणू लागलेल्या किटलीची. इथली धास्ती घर सुटण्याची आहे, म्हणून कपात घरच हवं. फुलाफळांच्या वासाचा खास चहा इथे वाया जाईल.

बैठकीत कोणी चहा न पिणारा असेल तर त्याला आग्रह करू नका. बिल्बोच्या घरी एक बुटका बिअर मागतो, दुसरा कॉफी. आणि ज्याला मुळात चहाचं आमंत्रण होतं तो गॅन्डाल्फ चहा नको म्हणतो आणि थोडी रेड वाइन मागतो.