शनिवार बाबाचा

(दृश्य: वांद्रे-कुर्ला संकुल, कौटुंबिक न्यायालयाचा परिसर)

परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायची सोय हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली. अर्जानंतरची सहा महिन्यांची वाट न्यायालय माफ करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. हुकूमनामा हातात पडतो, मुलाचा ताबा कोणाकडे हेही ठरतं. दुपारी साडेबाराला शाळा सुटल्यावर मुलाने कुठे जायचं, हे मात्र त्यात लिहिलेलं नसतं.

(दृश्य: भांडुप स्टेशन, संध्याकाळची गर्दी)

ही आई फोर्टातल्या ऑफिसातून भांडुपला उतरते तेव्हा सात वाजून गेलेले असतात. मधल्या वेळेला तीन दिवस आजी येते, दोन दिवस पाळणाघर. लोकल रखडली, की खालच्या मजल्यावरच्या काकू मुलाला घरी घेऊन येतात. कुणाचे उपकार नकोत म्हणणारी ती आता घराची एक किल्ली काकूंकडेच ठेवते. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून येतात, आणि त्याबद्दल तिला काही वाटत नाही. वाटूही नये.

कागदोपत्री वडील पुढे असतात. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात मुलाचे नैसर्गिक पालक आधी वडील, मग आई. वडील हयात असतानाही आई पालक असू शकते, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९९ चा. पासपोर्टच्या अर्जात २०१६ च्या अखेरीपासून दोघांपैकी एकाचं नाव पुरतं. सोसायटीतल्या बायका अजून विचारतात, "मिस्टर कुठे असतात?"

मिस्टर डोंबिवलीला असतात. शनिवार त्यांचा. मुलगा दादरच्या पुलावर या हातातून त्या हातात जातो. दोन्ही घरी ब्रश आहे, पांघरूण आहे. गणिताची वही नेमकी दुसऱ्या घरी राहते. बाबा आता कुकर लावतो, वरणाला फोडणीही देतो. हे आधी जमलं असतं तर, असं तिच्या ओठांवर येतं. ती बोलत नाही.

गणपती बाबाकडे, पाच दिवसांचा. गेल्या वर्षी मुलाने हट्ट धरला आणि भांडुपच्या घरीही दीड दिवसाची मूर्ती आली. आरतीला टाळ काकूंनी दिले.

सगळं गोडीगुलाबीने चाललंय असं नाही. नवं दप्तर कोणी घ्यायचं, यावरून जूनमध्ये फोनवर दोघांचं चांगलंच वाजलं. दप्तर शेवटी आजीने आणलं, आणि बिल दोघांनाही व्हॉट्सॲपवर पाठवलं.