पंचाण्णव मागितले, आपण किती म्हणायचं?

नमस्कार श्रोतेहो.

रीसेलचा फ्लॅट बघून जिना उतरत असतानाच एजंट विचारतो, "मग, ऑफर काय देऊ मालकांना?" आणि आपण घाईघाईत सांगितलेल्या किमतीतून पाच लाख कमी करून मोकळे होतो. पंचाण्णव सांगितलेत ना, नव्वद म्हणून बघा! पण मुळात ते पंचाण्णव आले कुठून? बहुतेकदा वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी मागच्या दिवाळीत तेवढे मागितले होते, म्हणून. त्याला ते मिळाले की नाही, हे कुणी विचारत नाही.

मागितलेल्या किमतीवरून ऑफर काढायचीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ती काढायची नोंदणी झालेल्या व्यवहारांवरून. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. वर्ष, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर टाकला, की त्या मिळकतीवरचे दस्त दिसतात. नंबर मालकांच्या जुन्या करारनाम्यात असतो, निःसंकोच मागून घ्या. प्रत्येक दस्ताचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सारांश, उघडा. त्यात मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली विक्रीची किंमत, क्षेत्रफळ आणि तारीख असते. शेजारी 'बाजारभाव' असाही रकाना असतो, पण तो रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेल्या दराचा सरकारी आकडा. त्यावर जाऊ नका. आपल्याला हवा तो मोबदला.

आता समजा, कोथरूडमधली तीन मजली जुनी सोसायटी आहे. लिफ्ट नाही. त्याच इमारतीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आठ महिन्यांपूर्वी 80 लाखांना गेला, कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ 640 चौरस फूट. म्हणजे फुटाला 12,500 रुपये. आपण बघतोय तो तिसऱ्या मजल्यावर, कार्पेट 680. त्याच दराने झाले 85 लाख. पण तिसरा मजला, तोही जिन्याने! वायरिंग जुनं, मोरीच्या भिंतीला ओल, किचनचा ओटा बदलायचा. कामाचे आणि जिन्याचे मिळून पाच लाख वजा करा. आठ महिन्यांत भाव थोडे चढले असतील, त्याचे दोन धरा. आले 82. ही आपली शेवटची पायरी. पहिली ऑफर 77-78 ची द्यावी, आणि 95 ऐकून बिचकू नये.

यात दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक म्हणजे क्षेत्रफळ. एजंट सांगतो "हजार स्क्वेअर फूट", तो असतो सेलेबल, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून. जुन्या दस्तांमध्ये बिल्टअप, म्हणजे भिंतींची जाडी धरून, लिहिलेलं असतं. तेव्हा कार्पेटची तुलना कार्पेटशीच करायची. सरळ टेप घेऊन जा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. मालकीणबाई जरा विचित्र नजरेनं बघतात, बघू देत. दुसरं म्हणजे रोखीचा भाग. काही दस्तांत मोबदला मुद्दाम कमी दाखवलेला असतो, म्हणून एकाच दस्तावर विसंबू नका, तीन-चार बघा. आणि आपल्याकडे कुणी "थोडे रोख द्या" म्हणालं, तर तिथेच थांबा. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे.

पुण्यात सध्या आणखी एक गंमत चालते. "आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणारे," असं म्हणून उद्याच्या मोठ्या फ्लॅटची किंमत आजच मागायची. सोसायटी आणि बिल्डरमधलं डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट नोंदवलं गेलं असेल, तर जरूर विचार करा आणि वाढीव कार्पेट किती ते त्यातच वाचा. सर्वसाधारण सभेत दोन बिल्डर येऊन चहा पिऊन गेले, एवढ्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

आता खिशाकडे वळू. 82 लाखांच्या घराला पुणे शहरात 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 5 लाख 74 हजार. घर एकट्या महिलेच्या नावावर घेतलं, तर एक टक्का सवलत. नोंदणी फी 30 हजार. दलाली एक टक्का धरली, तर 82 हजार. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला बँक घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते, म्हणजे साडेपासष्ट लाखांच्या आसपास. मुद्रांक शुल्क त्या मूल्यात धरत नाहीत. म्हणजे हातात तेवीस लाखांच्या वर हवेत. आणि बँकेच्या व्हॅल्युअरनं 78 च लावले, तर कर्ज आणखी तीन लाखांनी घटतं. हा हिशोब ऑफर देण्याआधी घरी, नवरा-बायकोनं एकत्र बसून कागदावर करायचा. मालकांच्या दिवाणखान्यात बसून करायला गेलात, तर चहाच्या दुसऱ्या कपाला 82 चे 86 होतात.

मालकांचं कारणही काढून घ्या. "काका, इथून कुठे राहायला जाणार?" एवढा प्रश्न पुरतो. नवं घर बुक करून बसले असतील, मुलगा परदेशातून सहीसाठी थोडेच दिवस आला असेल, तर त्यांना दोन लाखांपेक्षा तारीख महत्त्वाची असते. अशा वेळी कर्जमंजुरीचं पत्र दाखवून "महिन्याभरात खरेदीखत करू" म्हणणारा, ऐंशी म्हणूनही नव्वदवाल्याच्या पुढे जातो. उलट "आम्हाला काही घाई नाही" असं शांतपणे म्हणणारे भेटले, तर आपला आकडा आणि फोन नंबर देऊन या. पितृपंधरवड्यात गिऱ्हाईक फिरकत नाही, तेव्हा अशांचेही फोन येतात.

आकडा जमला, की लगेच टोकनचा चेक फाडू नका. आधी विसार पावती, म्हणजे आगाऊ रकमेचा लेखी करार, लिहून घ्या. त्यात ठरलेली रक्कम, पार्किंग, सोसायटीची थकबाकी कोण भरणार, ताबा कधी, हे सगळं यावं. आणि कर्ज नामंजूर झालं किंवा कागदपत्रांत दोष निघाला, तर विसाराची पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत, ही ओळ मालकांची सही होण्यापूर्वी लिहिलेली असावी. नमस्कार.