क्रॉयडन: पाडापाडीतून उरलेलं बालपण

नमस्कार मंडळी. यूकेत राहिलेल्या आपल्या लोकांना दक्षिण लंडनमधलं क्रॉयडन म्हटलं की आधी आठवतं ते लूनर हाउस, म्हणजे व्हिसाचं ऑफिस. वेलस्ली रोडवरची वीस मजली करडी इमारत, १९७० ची, माणूस नुकताच चंद्रावर जाऊन आला होता म्हणून हिचं नाव लूनर आणि शेजारचीचं अपोलो, आणि खाली आपण, फाइल छातीशी धरून रांगेत उभे, टॉवरांमधून येणारा गार वारा तोंडावर घेत. काम झालं की ईस्ट क्रॉयडन स्टेशन गाठायचं, पाव तासात लंडन ब्रिज. गाव बघायला थांबतंय कोण?

आणि इंग्लिश लोक तरी कुठे चांगलं बोलतात, काँक्रीटचा ढीग म्हणून क्रॉयडनची चेष्टा करायची ही तिथली जुनी सवय. पण इथेच लहानाचे मोठे झालेले, आता सत्तरी-ऐंशीत असलेले आजी-आजोबा बोलायला लागले ना की भलतंच गाव समोर येतं. पहिली गोष्ट म्हणजे ते स्वतःला लंडनचे म्हणतच नाहीत, ते सरेचे, म्हणजे लंडनला लागून असलेल्या काउंटीचे. १९६५ साली क्रॉयडन कागदोपत्री लंडनमध्ये गेलं, पण पत्त्यात सरे लिहिणारे आजही सापडतात, आणि त्यांच्याशी या विषयावर वाद घालू नये.

तर या गावाला एकेकाळी एअरपोर्ट होता, आणि साधासुधा नाही, हीथ्रोच्या आधीचा लंडनचा मुख्य एअरपोर्ट. पर्ली वे रोडवर १९२८ साली बांधलेली ती पांढरी टर्मिनल बिल्डिंग अजून उभी आहे. तिकीट काढून गच्चीवर जाता यायचं, आणि ज्यांच्या बापजन्मात कुणी विमानात बसलं नव्हतं अशा घरातली पोरं रविवारी तिथे कठड्याला लटकून विमानं मोजायची. धावपट्टी म्हणाल तर गवताची! १९३० च्या मे महिन्यात इथूनच एमी जॉन्सन नावाची सव्वीस वर्षांची मुलगी छोट्याशा विमानातून एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली, वाटेत पेट्रोल संपत आलं म्हणून आपल्या झाशीला उतरली, आणि १९ दिवसांनी डार्विनला पोचली. निघाली तेव्हा निरोप द्यायला फारसं कुणी नव्हतं, ऑगस्टमध्ये परत आली तेव्हा मात्र क्रॉयडनला तुफान गर्दी.

इथे आपला एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ३० मार्च १९२९ ला इथून कराचीची विमानसेवा सुरू झाली. सलग नाही बरं का, क्रॉयडन ते बाझल विमान, मग जिनोआपर्यंत चक्क रेल्वे, मग समुद्रावरून पाण्यात उतरणारं विमान, मग वाळवंट पार करत कराची. आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला याच सेवेनं आलेली टपाल कराचीतून उचलून जेआरडी टाटांनी आपल्या छोट्या विमानातून जुहूला आणली. म्हणजे टाटांच्या त्या हवाई टपालाचं दुसरं टोक हे, आत्ता जिथे बाजूला फर्निचरची आणि गाड्यांची शोरूम दिसतायत ते.

१९५९ साली एअरपोर्ट बंद झाला. पाठोपाठ बाकीचंही जायला लागलं, आणि यात क्रॉयडनची एक गंमत आहे, अख्खी गोष्ट जाते पण तिचा एक तुकडा मागे राहतो. एअरपोर्ट गेला, टर्मिनल राहिलं. त्याच रोडवर १९३५ चा उघडा पोहण्याचा तलाव होता, उन्हाळ्याच्या सुट्टीत अख्खं गाव तिथे, टॉवेलला टॉवेल लागलेला, ओठ निळे पडेपर्यंत पोरं पाण्यात. १९७९ ला तलाव बंद, पुढे तिथे कुंड्या-रोपांचं गार्डन सेंटर आलं आणि मधोमध उड्या मारायचा काँक्रीटचा उंच फलाट तसाच उभा, खाली पाण्याचा पत्ता नाही! वीजघर १९८४ ला बंद झालं, पुढे पाडलं, धुराच्या दोन चिमण्या ठेवल्या, त्यांच्या पायथ्याशी १९९२ मध्ये आयकिया आलं आणि चिमण्यांना वरून निळे-पिवळे पट्टे मारून दिले. २०११ च्या दंगलीत रीव्ह्ज हे १८६७ पासूनचं फर्निचरचं दुकान जळालं, तो आगीचा फोटो तेव्हा जगभर गेला, तिथला ट्राम स्टॉप मात्र आजही रीव्ह्ज कॉर्नरच.

केनर्ड्सचं तेवढं काहीच राहिलं नाही. केनर्ड्स म्हणजे नॉर्थ एंड रस्त्यावरचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर, आणि त्याच्या आर्केडमध्ये, दुकानांच्या मधून, लहान मुलांना पोनीवर बसवून फिरवायचे. हो, छताखाली, खरेदी करणाऱ्या बायकांच्या पिशव्या चुकवत. १९७३ ला दुकानावर डेबेनहॅम्स या दुकानांच्या साखळीची पाटी लागली, पण पन्नासच्या दशकात इथे लहान असलेल्या कुणालाही छेडा, दोन मिनिटांत विषय पोनीवर येतो.

आता याच्या पुढची पिढी. यांना जुनं गाव माहीतच नाही, यांचं बालपण म्हणजेच ते काँक्रीट. व्हिटगिफ्ट सेंटर या शॉपिंग सेंटरमध्ये शनिवारी उगाच भटकायचं, ऑल्डर्सच्या दुकानात सांताला भेटायचं, अंडरपासमधून सायकली दामटायच्या. स्टेशनजवळच्या त्या कंगोऱ्याकंगोऱ्यांच्या टॉवरला म्हातारे थ्रीपेनी बिट म्हणतात आणि ही मंडळी फिफ्टी पी बिल्डिंग, दोन्ही कंगोऱ्यांच्या नाण्यांची नावं. ऑल्डर्स २०१३ ला बंद पडलं तेव्हा यांचे डोळे भरून आले, आणि मला विचाराल तर ते रडणं पोनीवाल्या आजींच्या हळहळीपेक्षा तसूभरही कमी खरं नाही.

दोन्ही पिढ्यांचं एकमत होतं ते सरे स्ट्रीटच्या बाजारावर. १२७६ पासूनची सनद आहे या बाजाराला. चार फळ्यांवर स्टीलचे वाडगे मांडलेले, एकात ढोबळी मिरच्या, एकात टोमॅटो, एकात आंबेसुद्धा, वाडगा एक पाउंडाला, विक्रेता ओरडत ओरडत तो पातळ निळ्या पिशवीत उपडा करतो, तळाचा एखादा नग मऊ निघणार हे दोघांनाही ठाऊक. आपल्याकडच्या मंडईतले वाटेच की हे! याच गल्लीत बिग ॲपल नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं, दोन हजार सालच्या आसपास शाळकरी पोरं तिथे पडीक असायची, त्यातूनच डबस्टेप हे इलेक्ट्रॉनिक संगीत उभं राहिलं. त्या पोरांच्या आठवणी आत्ता कुठे चाळिशीला आल्यात.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. या गोड आठवणींमध्ये क्रॉयडनच्याच थॉर्नटन हीथ, नॉरबरी या भागांतली पोरं कमीच दिसतात. कॅरिबियन घरातली, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती कुटुंबातली, नंतरची श्रीलंकन तमिळ. त्यांनीही त्याच बस पकडल्या, पण सत्तरच्या दशकात नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षवाल्यांचं नाव ऐकलं की रस्ता बदलायचा हेही त्यांच्या क्रॉयडनमध्ये होतं. जुन्या फोटोंखाली 'तेव्हा किती छान होतं' लिहिणाऱ्यांना हे सांगितलं की काही जण गप्प होतात, काही चिडतात.

सगळ्यांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे क्रिस्टल पॅलेस हा फुटबॉल क्लब. क्लब १९२४ पासून सेलहर्स्ट पार्कवर खेळतोय आणि २०२५ पर्यंत मोठी ट्रॉफी म्हणून नव्हती, १९९० ची एफए कपची फायनल हरले, २०१६ ची हरले, दोन्हीदा मँचेस्टर युनायटेडकडून. १७ मे २०२५ ला वेम्बलीवर याच कपच्या फायनलमध्ये त्यांच्या एझेच्या एका गोलनं मँचेस्टर सिटीला हरवलं तेव्हा आजोबा, मुलगा, नातू तिघंही एकदमच ओरडले असणार.

पुढच्या भागासाठी आम्ही जुने फोटो गोळा करतोय. तलावाचे भरपूर आलेत, विमानांचेही. केनर्ड्सच्या पोनीचा एखादा कुणाच्या अल्बममध्ये असेल तर प्लीज पाठवा, बाजूला कोण उभं आहे हे माहीत नसलं तरी चालेल.